आपल्या भागात उद्या पाणी

ऐन उन्हाळ्यात, अकोल्यासारख्या गावात, सासऱ्यांच्या घरातलं भरून ठेवलेलं पाणी मी पूर्ण शुद्धीत आणि शास्त्रीय पद्धतीने ओतून दिलेलं आहे.

शुद्धीत होतो हे आधीच सांगून ठेवतो. ही हकीकत ऐकल्यावर लोक पहिला प्रश्न "ऊन लागलं होतं का?" असाच विचारतात. नव्हतं लागलं. शास्त्रीय पद्धतीचं म्हणाल तर ती माझ्या अंगातच आहे. अमरावतीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, आणि कोणतीही गोष्ट तपासून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. चपला घ्यायला गेलो तर एका पायात एका कंपनीची, दुसऱ्या पायात दुसरीची घालून मी दुकानात वीस मिनिटं फिरतो. (माझी बायको माधुरी तेवढा वेळ शेजारच्या दुकानात जाऊन उभी राहते. तिथे तिला कोणी ओळखत नाही.) तेव्हा बातम्यांच्या तीन अ‍ॅपांपैकी खरं बोलणारं कोणतं, असा प्रश्न कोणी मला विचारला, तर मी तो तसाच सोडून देईन, हे शक्य नव्हतं.

प्रश्न विचारला मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. मामाजी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. उभी हयात अकोटच्या बसस्थानकावर शिट्टी घेऊन गाड्या सोडण्यात गेली. त्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट वेळेवर निघाली की लेट, एवढंच त्यांना पाहायचं असतं. यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला, आणि धोंड्याच्या जेवणाचं आवतण द्यायला ते मामीजींना घेऊन अमरावतीला आमच्याकडे आले होते. आवतण देऊन झालं, चहा झाला, आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर ठेवला.

"जवाईबापू, हे पाहा बरं. आमच्या अकोल्यात नळ कधी येते हे पेपरात नळ येऊन गेल्यावर छापून येते. म्हून म्हनलं अ‍ॅप घ्याव. तं सकाळी फिराले येनारा एक जन म्हनते लाल टाका, दुसरा म्हनते पिवळं टाका, तिसरा म्हनते निळं. यातलं खरं कोन बोलते?"

"तुमाले काय वाट्टे?"

"मले वाट्टे तुमालेच इचाराव. तुमी सायन्सचे."

तुम्ही सायन्सचे! अकरा वर्षांच्या संसारात हे वाक्य माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. मी माधुरीकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

(अ‍ॅपांची नावं मी सांगणार नाही. तिन्ही अजून सुरू आहेत, आणि मला अजून सासुरवाडीला जावं लागतं. लाल, पिवळं आणि निळं एवढ्यावर भागवून घ्या.)

मी तिथल्या तिथे तिन्ही अ‍ॅप मामाजींच्या मोबाइलमध्ये घालून दिली. लाल अ‍ॅपने विचारलं, गाव निवडा. मी अकोला निवडलं. पिवळ्यानेही विचारलं, अकोला निवडलं. निळ्याने मात्र अदबीने विचारलं, "आम्ही आपलं ठिकाण आपोआप ओळखावं का?" अ‍ॅप असून एवढं सभ्य! मला ते तिथेच आवडलं. मी "हो" दाबलं. हे सगळं मी अमरावतीला, माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर बसून केलं, एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

"आता आठ दिवस चाचणी," मी म्हणालो. "रोज संध्याकाळी मी फोन करीन. कोन्त्या अ‍ॅपनं काय सांगतलं, आन् खरं काय झालं, हे तुमी मले सांगाचं. मी मार्क देईन."

"हौ. पन खरं काय झालं हे मले कसं कळीन?"

"तुमी जाऊन पाहाचं."

मामाजींचे डोळे चमकले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी ड्यूटी लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही केली आणि तक्ता आखला. पहिल्याच संध्याकाळी भाजीबाजाराची बातमी आली. लाल अ‍ॅप म्हणालं, "थरार! भर बाजारात वळू नालीत कोसळला!" पिवळ्याने व्हिडिओ दिला, त्यात आधी तीन पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग धावत येणारी वार्ताहर, मग तिच्या मागे धावणारी माणसं. वळू शेवटपर्यंत दिसला नाही. मामाजी स्वतः स्कूटर घेऊन गेले.

"वळू नाई जवाईबापू, गाय होती. आन् कोसळली बी नाई. उन्हाच्यानं आपली आपन नालीत उतरून बसली होती. मी गेलो तवा निंगून बी गेली होती."

"आन् निळं काय म्हनते?"

"निळ्यात अकोल्याचं काईच नाई."

मी वहीत लिहिलं: लाल शून्य, पिवळं दोन, निळं दहापैकी दहा. चुकीची बातमी देण्यापेक्षा गप्प राहिलं! जबाबदार पत्रकारिता म्हणतात ती हीच.

मग लाइन गेल्याची बातमी आली. लाल म्हणालं अर्धं शहर अंधारात, पिवळ्याने एका माणसाला हातपंख्याने वारा घेताना दाखवलं, आणि मामाजी खांबाजवळ जाऊन आले तर फक्त त्यांच्याच गल्लीचा फ्यूज गेला होता. निळं गप्प. दहापैकी दहा. मग उन्हाची बातमी. लाल आणि पिवळ्याचा आकडा जुळेना. मामाजींनी स्कूटरच्या सीटवर हात ठेवून पाहिला आणि "दोघंबी कमीच सांगून राह्यले" असा निकाल दिला. निळं याही वेळी अकोल्याबद्दल अवाक्षर बोललं नाही. आठ दिवस मी रोज नव्या उत्सुकतेने फोन करत होतो, रोज निळ्याला दहा मार्क देत होतो, आणि आठव्या दिवशी मी निकाल जाहीर केला.

"मामाजी, निळं! आठ दिवसांत एक चूक नाई!"

"हौ, चूक तं नाई," मामाजी जरा थांबून म्हणाले. "पन ते बोलून कुठी राह्यलं?"

"तेच तं त्याचं मोठेपन हाय. जवा बोलीन, तवा खरं बोलीन."

आता धोंड्याच्या जेवणाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. त्यात लेकीला आणि जावयाला बोलावतात, पाटावर बसवून जावयाचे पाय धुतात, पुरण भरलेले धोंडे वाढतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. अधिकातला जावई म्हणजे साक्षात नारायण, लेक लक्ष्मी. मामीजींची त्याची फार हौस. पण मागच्या खेपेला त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि त्याच्या आधीच्या खेपेला सगळा देशच घरात बंद होता. दोन अधिक महिने कोरडे गेले होते. "यंदा मी तुमाले पाटावर बसवल्याबिगर राह्यत नाई," असं त्या आवतण देताना माझ्यादेखत दोनदा म्हणाल्या होत्या. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज जरा हलला होता.

शनिवारी दुपारी आम्ही अकोल्याला पोचलो. उन्हाबद्दल मी काही लिहीत नाही, वऱ्हाडातल्या माणसाला ते सांगायला नको आणि बाहेरच्याला ते पटणार नाही. घरात कूलर घरघरत होता. अंगणात सिमेंटचं टाकं, दोन निळे ड्रम, ओळीने पितळी गुंड म्हणजे हंडे, कळशा, बादल्या, सगळं काठोकाठ भरलेलं. त्या गल्लीत नळ काही दिवसांनी एकदा येतो, आणि आला की घरातलं वाटीपर्यंतचं प्रत्येक भांडं भरून ठेवतात.

"पानी भरलेलं हाय," मामीजी म्हणाल्या, "पन जुनं झालं. उद्याच्या पुरनाले ताजं भेटलं असतं तं बरं झालं असतं."

आणि त्याच क्षणी (मी शपथेवर सांगतो, त्याच क्षणी!) मामाजींच्या खिशातून टुंग असा आवाज झाला. मी मोबाइल हातात घेतला. निळं अ‍ॅप बोललं होतं!

"आपल्या भागात: उद्या सकाळी सहा वाजता पाणीपुरवठा होईल. नागरिकांनी नोंद घ्यावी."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. आठ दिवस मौन पाळलेल्या माणसाने तोंड उघडावं आणि आपल्या मनातलं बोलावं, तसं झालं. मी ते वाक्य मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं.

मामाजींनी मामीजींकडे पाहिलं. मामीजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मामाजी म्हणाले, "बाळाभाऊची सायकल काई दिसली नाई कोपऱ्यावर."

बाळाभाऊ म्हणजे नळाची चावी फिरवणारा माणूस. लोखंडाची छातीएवढी उंच चावी सायकलला बांधून तो फिरतो. गल्लीच्या कोपऱ्यावर त्याची सायकल लागली की तासाभरात नळ येतो, अशी तिथली जुनी समजूत.

"मामाजी!" मला हसू आलं. "दुनिया कुठी गेली आन् तुमी सायकल पाहून राह्यले! या अ‍ॅपची आठ दिवस चाचनी घेतली न आपन?"

"घेतली न."

"एक तरी चूक सापडली?"

"नाई बा."

"मग? करा रिकामं सगळं."

आता, नळ यायच्या आदल्या दिवशी जुनं पाणी ओतून भांडी घासून ठेवायची ही त्या गल्लीची रीतच आहे. शिळ्या पाण्यात ताजं पाणी घालणं म्हणजे तिथे पाप. त्यामुळे मी काही जगावेगळं सांगत नव्हतो. फक्त घाई जरा जास्त केली. मामीजी क्षणभर ड्रमाला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी म्हनता तं खरंच असन. अधिकातला जवाई हाय तुमी."

मग काय विचारता! कडुलिंबाच्या बुडाला चार बादल्या, तुळशीला एक कळशी, कूलर गळेपर्यंत भरला, अंगणात सडा, दारात सडा, दारापुढच्या डांबरी रस्त्यावर सडा. (रस्ता चर्रर्र करून वाफाळला. आजूबाजूची माणसं बाहेर येऊन पाहू लागली.) मी दोन बादल्यांनी ऐसपैस अंघोळ केली आणि राहिलेल्या पाण्याने मामाजींची स्कूटरही धुतली. माधुरी दारात उभी राहून म्हणाली, "अहो, एखांदा ड्रम तं ठेवा."

"अविश्वास!" मी म्हणालो. "हा निव्वळ अविश्वास हाय."

संध्याकाळपर्यंत टाकं घासून कोरडं केलं होतं, आणि ड्रम, गुंड, सगळं घासून उपडं घातलं होतं. अंगण एवढं गार आणि स्वच्छ झालं होतं की मी खुर्ची टाकून त्याच्याकडे कौतुकाने पाहत बसलो.

रविवारी सकाळी साडेपाचला मामीजींनी मला नवा कोरा क्रीम रंगाचा कुर्ता-पायजमा दिला, कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर दुपट्टा टाकला. मामाजींनी स्वतःच्या हाताने डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. पाय धुणं आणि बाकीचं ताजं पाणी आल्यावर. आम्ही चौघं अंगणातल्या नळाभोवती उभे राहिलो. मामाजींच्या हातात घड्याळ होतं.

"सहा," मामाजी म्हणाले.

नळ कोरडा.

"सहा पाच."

मी नळाला कान लावला. पाणी यायच्या आधी नळ सूं करतो म्हणतात. नळ काहीच करत नव्हता.

"सहा दहा. गाडी लेट हाय," मामाजींनी जाहीर केलं, आणि तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. अमरावतीहून आमच्या शेजारच्या राऊतकाकू होत्या.

"अवो सर, कुठी हाय तुमी? तुमची टाकी वाहून राह्यली न! नळ चालूच ठेवून गेले काय? सहापासून धो धो पानी येऊन राह्यलं, तुमच्या गच्चीवरचं सारं पानी आमच्या पापडाच्या खाटेवर पडून राह्यलं!"

"किती वाजतापासून?" मी विचारलं.

"सहापासून सांगतलं न. बरोब्बर सहा."

मी फोन ठेवला. मामाजींच्या मोबाइलवर निळं अ‍ॅप उघडलं. "आपल्या भागात" हे शब्द ठळक होते. त्याच्या वर, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक शब्द होता: अमरावती.

एका क्षणात मला सगळं दिसलं. माझा सोफा दिसला, तो सभ्य प्रश्न दिसला, मी दाबलेलं "हो" दिसलं. आठ दिवस निळ्याने अकोल्याची एकही चूक केली नव्हती, कारण आठ दिवस त्याला अकोल्याशी काही देणंघेणंच नव्हतं; ते माझ्या सोफ्यावर ओळखलेलंच ठिकाण धरून बसलं होतं. त्याने सांगितलेलं मात्र अक्षरशः खरं ठरलं होतं. पाणी सहाला आलं होतं, आमच्या भागात आलं होतं, आणि राऊतकाकूंचे पापड भिजवून वाहत होतं.

"काय झालं, जवाईबापू?" मामाजींनी विचारलं.

"पानी आलं," मी म्हणालो.

"कुठी?"

"अमरावतीले."

मामाजींनी घड्याळ खिशात ठेवलं. मामीजींनी पदर तोंडाला लावला आणि तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. रडत होत्या! दोन अधिक महिने वाट पाहिलेली बाई, पुरणाची डाळ निवडून ठेवलेली, तेहतीस अनारसे तळून ठेवलेले, आणि घरात तिच्या जावयाचे पाय धुवायला तांब्याभर पाणी नाही. मला स्वतःची एवढी लाज वाटली की मी काहीही न बोलता दोन बादल्या आणि एक गुंड उचलला आणि रस्त्याला लागलो.

"अहो, थांबा तं..." माधुरी मागून म्हणाली. मी थांबलो नाही.

मैदानाच्या कोपऱ्यावर हापशी आहे. अकोल्याकडचा हा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे रसायनशास्त्राचा माणूस म्हणून मला चांगलं माहीत होतं. पण निदान भांडी होतील, पाय धुतले जातील. रांगेत मी एकटा पुरुष, त्यातून क्रीम कुर्ता, कुंकू, दुपट्टा आणि टोपी. पुढच्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोनाच्या घरचे जवाई होय जी?"

मी सांगितलं.

"बाप्पा! अधिकात जवायाले हापशीवर धाडलं?"

"धाडलं नाई, मीच आलो," मी घाईने म्हणालो. त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. हापशी हाणता हाणता टोपी तीनदा डोळ्यांवर आली आणि कुर्ता पाठीला चिकटला. गुंड भरून मी डोक्यावर घेतला, दोन हातांत दोन बादल्या घेतल्या, म्हणजे गुंडाला धरायला हात उरला नाही, म्हणून मान ताठ करून उभा राहिलो. आणि नेमकी तेव्हाच समोर, उन्हासाठी तोंडाला दुपट्टा बांधलेली, हातात पिवळा माइक घेतलेली एक मुलगी येऊन उभी राहिली. पिवळ्या अ‍ॅपची वार्ताहर! व्हिडिओत वळूच्या शोधात धावणारी तीच.

"काका, किती दिवसांपासून पानी नाई?"

(काका! मी बेचाळीस वर्षांचा आहे.)

"कालपर्यंत होतं," मी म्हणालो. खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही.

"मग आज कावून नाई?"

"काल मी फेकून देल्लं."

तिने माइक खाली घेतला. "काका, असं नका सांगू न. लोकायले कळत नाई मग."

"पन खरं तेच हाय. याच्यात कोनाचीच चूक नाई, माझी हाय. त्याचं असं झालं, मी तीन अ‍ॅपची चाचनी घेतली, त्यात तुमच्या पिवळ्याले ऐंशीपैकी सोळाच..."

"बरं, तुमी नुसते चाला. मी मागून व्हिडिओ घेतो."

मी चाललो. गुंडातलं पाणी टोपीवरून, कुंकवावरून, नाकावरून खाली येत होतं. कोपऱ्यावर पोचलो तर भिंतीला टेकून एक माणूस बिडी ओढत बसला होता. शेजारी सायकल, सायकलला छातीएवढी लोखंडी चावी.

"बाळाभाऊ!" मी तसाच ताठ मानेने ओरडलो. "पानी कधी सोडाल?"

"मंगळवारी. तुमच्या सासऱ्याले सांगतलं न मी, शुक्रवारीच."

"कोनाले?"

"तुमच्या सासऱ्याले. रोज इचारते ते मले. तुमच्या त्या मोबाइलचं बी सांगत होते. म्हने जवायानं लय हौशेनं देल्लं."

राहिलेला रस्ता मी कसा चाललो ते आठवत नाही. दारात पोचलो आणि थबकलो. घरातून वास येत होता. शिजणाऱ्या हरभऱ्याच्या डाळीचा, वेलदोड्याचा, गुळाचा. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि गोडं पाणी तर मी रस्त्यावर ओतलं होतं! मी गुंड डोक्यावर तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेलो. मामीजी पुरण घोटत होत्या. माधुरी चक्क तांब्याने पाणी पीत होती.

"हे पानी कुठून आलं?"

मामीजींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे पुन्हा हलायला लागले, आणि या वेळी मला ते जवळून दिसलं. बाई हसत होती. सकाळीही हसतच होती!

"मागच्या मोरीत एक ड्रम चादरीखाली झाकून ठेवला होता, जवाईबापू," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "जवायाचा शब्द मोडता येत नाई. पन डाळ तं शिजवाच लागते न!"

"म्हंजे तुमाले माहीत होतं?" मी मामाजींकडे वळलो. (हळूच वळलो, डोक्यावर गुंड होता.)

"मंगळवार हाय हे माहीत होतं," मामाजी शांतपणे म्हणाले.

"मग काल बोल्ले कावून नाई? सारं पानी ओतू देल्लं!"

"कसं बोलाव? तुमी आठ दिवस रोज सांजच्याले फोन केला. जवाई कोनाले रोज फोन करते? आन् अधिकाच्या महिन्यात तुमी नारायन. नारायनाले कोनी म्हनते काय, देवा, तुमचं चुकलं?"

"निदान हापशीवर जाताना तं थांबवाचं!"

"थांबा म्हनलं न मी," माधुरी म्हणाली. "तुमी ऐकलं कुठी? आन् खरं सांगू का, मले बी पाह्यचं होतं तुमी गुंड कसा आनता."

मामीजींनी माझ्या डोक्यावरचा गुंड स्वतः उतरवला. "बसा आता पाटावर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आवतणाच्या वेळी हलला होता तसाच हलला. "मले ना ताजं पानी पायजे, ना शिळं. तुमी दोघं पाटावर बसलेले पाह्यचे होते, बस." मग त्यांनी परात पुढे ओढली आणि मी स्वतः हापसून, डोक्यावर वाहून आणलेल्या खाऱ्या पाण्याने माझे पाय धुतले. मी टोपी सरळ केली, आणि त्या दिवसापुरतं काहीही तपासून पाहिलं नाही. पाच धोंडे खाल्ले.

जेवण उरकतं न उरकतं तोच मामाजींचा मोबाइल वाजू लागला. आधी लाल, सायरनसकट: "थरार! ऐन अधिकात जावयाच्या डोक्यावर गुंड!" मग पिवळं: आधी तीन पुढाऱ्यांचे वाढदिवस, मग संथ सनईवर मी, ताठ मानेने, नाकावरून ओघळणाऱ्या पाण्यासकट. "याच्यात कोनाचीच चूक नाई" एवढंच माझं वाक्य ठेवलं होतं, पुढचं कापलं होतं, त्यामुळे मी फारच मोठ्या मनाचा वाटत होतो. निळं अ‍ॅप दुसऱ्या दिवशी बोललं, सभ्य भाषेत, माझ्या फोटोसह: "अमरावतीच्या नागरिकाची अकोल्यात पाण्यासाठी पायपीट." सदर अर्थातच "आपल्या भागात". आणि भाग म्हणजे अमरावती! मी सोमवारी कॉलेजात पोचलो तर प्राचार्यांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाने मला आधी पाण्याचा ग्लास दिला.

गायीवरून, फ्यूजवरून, उन्हावरून ज्यांचं कधी पटलं नाही, त्या अ‍ॅपांचं माझ्याबाबतीत पहिल्यांदा एकमत झालं होतं. मी वही काढली आणि नाइलाजाने तिघांनाही दहापैकी दहा मार्क दिले.

पुढच्या रविवारी मी मामाजींना फोन करून म्हणालो, "निळ्यातलं गाव बदलून देतो, अकोला करून टाकू."

"राहू द्या जवाईबापू," मामाजी म्हणाले. "आमच्यासाठी बाळाभाऊ हाय. हे असू द्या. पोरीच्या गावची खबर भेटते."

तेव्हापासून आमच्या अमरावतीच्या घरी नळ कधी येणार हे मला अकोल्याहून कळतं. आदल्या संध्याकाळी मामाजींचा फोन येतो, "उद्या सहाले पानी हाय तुमच्या भागात, टाकी भरली का नळ बंद करजा." एकदाही चूक निघालेली नाही. तरी फोन ठेवला की मी पायात चप्पल सरकवतो आणि कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन, चावीवाल्याची सायकल लागली आहे का, ते पाहून येतो.